पाठीचं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो म्हणे

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. "सावधान! मेंदूत शिरणारा नवीन व्हायरस आलाय, चिकन खाल्ल्याने होतो, पेशंटला शिवलं तरी लागतो, औषध नाही, आणि दवाखान्यात पाठीचं पाणी काढू देऊ नका, माणूस कायमचा लुळा पडतो." खाली पंधरा जणांनी हात जोडलेत. मागच्या वेळी मी गप्प बसलो होतो, या वेळी नाही.

चिकनचं एका ओळीत संपवतो, नीट शिजवलेल्या चिकननं मेंदूज्वर होत नाही, खुशाल खावा.

आता "नवीन". हे बहुतेक चांदीपुराबद्दल चाललंय, २०२४ ला गुजरातमध्ये लहान पोरं दगावली तेव्हापासून ते नाव सगळ्यांच्या तोंडात आहे. नवीन कसला बे, १९६५ ला आपल्याच महाराष्ट्रात सापडलाय, नाव नागपूरकडच्या चांदीपुरा गावावरनं पडलं, आणि रेबीजच्या भावकीतला आहे. तो शिवल्यानं नाही, वाळूमाशी चावल्यानं पसरतो. ही माशी डासापेक्षाही बारीक, मातीच्या भिंतीच्या भेगा आणि गोठ्यातली ओल हे तिचं घर, म्हणजे मंगळवेढ्याकडं ज्यांची अजून धाब्याची घरं आहेत त्यांनी भेगा लिंपून घ्याव्यात, आजारी पोराच्या आईला वाळीत टाकून काय होणार? जपानी मेंदूज्वर डासानं होतो, पण तो भातखाचरातला क्युलेक्स डास, आपण चार-पाच दिवसाआड येणारं पाणी टाक्यात भरून ठेवतो त्यात होतो तो डेंगीचा. गोवर मात्र माणसामाणसात पसरतो हे खरं, पण गोवर झालेल्या हजारात साधारण एकाच्या मेंदूपर्यंत जातो.

"औषध नाही" हे अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त घातक. चांदीपुरा, जपानी मेंदूज्वर यांच्यावर खास औषध नाही, झटके थांबवायचे, मेंदूची सूज सांभाळायची, श्वास चालू ठेवायचा. पण हर्पिस नावाच्या व्हायरसचा मेंदूज्वर असेल तर औषध आहे, असायक्लोव्हिर, शिरेतनं, दर आठ तासाला, दोन-तीन आठवडे. उपचार नाही झाला तर दहातले सातेक जण जातात, औषध वेळेत सुरू झालं तर बहुतेक जण वाचतात. म्हणून डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता संशयावरच चालू करतात.

आणि आता पाठीचं पाणी, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. हे म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, थोडं काढून तपासलं की मेंदूज्वर कशानं झालाय ते कळतं. माझा मावसभाऊ यंत्रमागावर होता, दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सख्ख्या आईला म्हणाला "बाई, तुम्ही कोणाकडं आलाय?" घरच्यांनी बाहेरचं झालंय म्हणून लिंबू उतरवलं, त्यात एक रात्र गेली, मग दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनं पाणी काढायचं म्हटल्यावर मावशीनं हाच फॉरवर्ड दाखवला आणि सहीच करेना. आम्ही सगळे शिकलेले तिथं गप्प उभे. सही व्हायला दुपार झाली.

मी आत होतो. कुशीवर झोपवला, गुडघे पोटाशी, कमरेत आधी बधिर करायची सुई, मग दुसरी, आणि थेंब थेंब करून छोट्या बाटल्यांत पडलेलं पाणी, बिसलेरीसारखं नितळ. काही मिली फक्त. अंगात ते दीडशे मिलीच्या आसपास असतं आणि शरीर रोज पाचशेच्या घरात नवीन बनवतं. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे घालतात. तिथं सुट्या नसा असतात, आपल्या चादरीच्या टोकाला दशा लोंबतात ना तशा, सुई आली की बाजूला सरकतात. नंतर काही जणांचं दोन-चार दिवस डोकं दुखतं, पाठही दुखते, ते मी नाकारत नाही. डोक्यात प्रेशर वाढल्याची शंका असली तर डॉक्टर आधी सीटी करतात, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असल्या तर थांबतात. लुळेपणा जो दिसतो तो बहुतेक वेळा आजाराचाच असतो, पण सुई डोळ्यांना दिसते आणि व्हायरस दिसत नाही म्हणून नाव सुईचं.

भावाच्या पाण्यात हर्पिसच निघाला. २१ दिवस सलाईन. आता चालतो, गाडी चालवतो, फक्त नवीन नावं लक्षात राहत नाहीत. ती अर्धी दुपार वाचली असती तर राहिली असती का, मावशी मला अजून विचारते, मी विषय बदलतो.

तापात माणूस बरळायला लागला, ओळख विसरला, झटका आला, मान आखडली, तर लगेच मोठ्या दवाखान्यात. लिंबू उतरवायचंच असेल तर रिक्षात बसल्यावर उतरवा.