‘बेटाच्या नावाखाली गुडघाभर पाणी’: देवबागच्या आमच्या रिसॉर्टकडून उत्तर

नमस्कार. मे महिन्यात तुम्ही सहकुटुंब आमच्याकडे दोन रात्री राहिलात आणि एक तारा देऊन गेलात. त्सुनामी आयलंडवर आयलंडच नव्हतं, पॅरासेलिंग ऐनवेळी रद्द झालं, स्कूबात सगळं गढूळ दिसलं, इन्स्ट्रक्टर उद्धट होता आणि थाळीत सुरमईऐवजी बांगडा आला, अशा तुमच्या तक्रारी. इथे येऊ पाहणारे बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बेट. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथे साचलेला तो वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला वर येतो, भरतीला पाण्याखाली जातो. तुम्ही गेलात त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाची भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण फार नाही. म्हणूनच आदल्या रात्री जेवताना तुम्हाला सकाळी सातची होडी सांगितली होती. तुम्ही नाश्ता आटोपून साडेअकराला जेटीवर आलात. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, संध्याकाळी पाचची फेरी सुचवली, तीही नको म्हणालात. मग गुडघाभर पाणी लागणारच. उलट गुडघ्यापर्यंतच लागलं, कारण जिथे उंचवटा होता तिथेच त्याने होडी लावली.

पॅरासेलिंगच्या वेळी शेजारच्या बोटी चालू होत्या, असं तुम्ही लिहिलंय. होत्या, एक-दोन. त्यांचं त्यांना ठाऊक. मे महिन्यात दुपारनंतर वारा वाढतो, आणि माणूस वर गेल्यावर दोरी आपल्या हातात असली तरी वारा नसतो. आमचा तांडेल ‘आज नको, वारो वाढलो’ म्हणाला की मी मालक असूनही त्याच्याशी वाद घालत नाही. पैसे त्याच संध्याकाळी तुमच्या खात्यावर परत केले, हे तुमच्या अभिप्रायात राहून गेलं.

स्कूबाबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल. मेमध्ये लाटा वाढतात, तळाची वाळू ढवळते आणि पाण्यात लांबचं दिसत नाही. नितळ पाणी हवं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बुकिंगच्या वेळी फोनवर हे सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं, आणि ‘मुलांना सुट्टी मेमध्येच असते’ हे तुमचं उत्तरही खरंच होतं. पण इन्स्ट्रक्टरने तुमच्या मुलाचा हात झटकला, याला मी उद्धटपणा म्हणणार नाही. मुलगा प्रवाळाचा तुकडा तोडायला गेला होता. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे. पाण्याखाली तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर असतो, ‘बाळा, नको हं’ म्हणता येत नाही. हातच धरावा लागतो. हा इन्स्ट्रक्टर आमच्याच गावातला, रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या घरातला. उद्या पुन्हा असं झालं तर तो पुन्हा तेच करील, आणि मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

टॉवेल उशिरा मिळाले, वायफाय अडखळत होतं, स्विमिंग पूल नाही, हेही तुम्ही लिहिलंय. पूल नाहीच. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये आमची चिंचोळी पट्टी.

राहिली सुरमई. त्या दिवशी मालवणच्या लिलावात चांगली सुरमई नव्हती. बर्फातली मिळत होती, ती मी घेतली नाही. ताजा बांगडा आला, त्याचं तिरफळ घातलेलं सार केलं आणि थाळीचा दरही बांगड्याचाच लावला. बांगड्याला ‘स्वस्तातली मासळी’ म्हणालात ते वाचून आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस माझं कुणी ऐकत नव्हतं.

पुन्हा यायचं ठरवलंत तर तारीख नक्की करण्याआधी एक फोन करा, त्या दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाठवतो. मे अखेरीस वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, ते पावसाळा सरल्यावर सुरू होतात. सुरमईचं मात्र आधीपासून कबूल करता येणार नाही, ते सकाळी होड्या आल्यावरच कळतं.