रेड्याशिवाय म्हैस गाभण? गोठ्यात आधी काय तपासायचं

‘रेडा दाखवला नाही, रेतन केलं नाही, तरी म्हैस व्याली. उंदरांत शास्त्रज्ञांनी हे सिद्धच केलंय, आता नराची गरज नाही,’ असा मजकूर पंढरपूर-सांगोल्याकडच्या पशुपालकांत फिरतोय. त्यातलं उंदराचं अर्धं खरं आहे. बाकीचं टिकत नाही.

‘रेडा दाखवलाच नाही.’ म्हणजे कुणी पाहिला नाही, एवढंच. म्हशीत मुका माज फार. उन्हाळ्यात ती ओरडत नाही, सोटही (माजाचा चिकट स्राव) नजरेत भरत नाही, आणि माज बहुधा रात्रीचा. व्याल्याच्या तारखेपासून साधारण 310 दिवस मागे मोजा. तेव्हा ती कुठल्या कळपात चरत होती, शेजारचा दोन-अडीच वर्षांचा टोणगा मोकळा होता का, ‘रिकामी’ म्हणून बाजारातून आणली तेव्हाच गाभण होती का, हे विचारा. शेळीत तर 150 दिवसच मोजायचे. चार महिन्यांचं नर करडू फळवू शकतं, स्वतःच्या आईलासुद्धा. ‘गोठ्यात बोकड नाही’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ते नेमकं धरलेलं नसतं. तीन महिन्यांतच नर वेगळे बांधा.

‘वीर्य महिनोन्‌महिने पोटात राहतं.’ कोंबडीत दोन-तीन आठवडे राहतं. म्हशीत जेमतेम दिवस-दीड दिवस.

‘मावा करतो, मग म्हैस का नाही?’ मंगळवेढ्याच्या ज्वारीवरची मावा मादी नराविना पिल्लं घालते, हे खरं. 2006 मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या कोमोडो घोरपडीची नराविना घातलेली अंडीही प्रसिद्ध झाली. सस्तन प्राण्याचं घोडं मात्र वारेपाशी अडतं. अंड्यातल्या आणि शुक्रजंतूतल्या डीएनएवर वेगवेगळ्या रासायनिक खुणा असतात. त्यामुळे काही जनुकांची फक्त बापाकडची प्रत चालते, काहींची फक्त आईकडची. गर्भाची वाढ रेटणारं आयजीएफ-2 हे जनुक बापाच्या प्रतीवर चालतं. दोन्ही प्रती आईच्याच असल्या तर वार नीट धरत नाही. उंदरात असा गर्भ दहाव्या दिवसाच्या सुमारास मरतो. उलट दोन्ही प्रती बापाच्या असल्या की वारेच्या पेशीच बेसुमार वाढतात आणि गर्भ धरत नाही. बायकांतला पूर्ण द्राक्षगर्भ बहुतेक वेळा असाच होतो.

अंडं मात्र फसवता येतं. शुक्रजंतू आत गेल्यावर अंड्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात, आणि त्यानंच ते विभागू लागतं. प्रयोगशाळेत म्हशीच्या पक्व अंड्याला आयनोमायसिन हे रसायन 5 मिनिटं आणि मग 6-डीएमएपी हे दुसरं 4 तास दिलं की ते शुक्रजंतूविनाच विभागू लागतं, सातव्या दिवसापर्यंत ब्लास्टोसिस्टही (सुरुवातीच्या गर्भाचा पोकळ पेशीगोळा) होतं. गर्भाशयात ठेवलं तरी त्याचं रेडकू होत नाही. अर्धवट माहितीचे व्हिडिओ या ब्लास्टोसिस्टलाच ‘बिनबापाचा गर्भ’ म्हणून दाखवतात, आणि पुढचं सांगत नाहीत.

आता तो उंदीर. 2004 साली टोकियोच्या कृषी विद्यापीठात तोमोहिरो कोनो यांच्या चमूने दोन माद्यांचे जनुकसंच एका अंड्यात घातले. त्यातला एक नवजात मादीच्या अपक्व अंड्यातला होता, आणि त्या मादीतला, आईच्या प्रतीवरचं आयजीएफ-2 बंद ठेवणारा एच-19 जनुकाचा भाग आधीच छाटलेला होता. अशी 457 अंडी बनवली. जिवंत पिल्लं 10, मोठी झाली एकच, तिचं नाव कागुया. 2022 मध्ये चिनी संशोधकांनी एकाच अंड्यातल्या सात ठिकाणच्या खुणा बदलून एक मादी वाढवली. दोन्हींत बापाच्या खुणा हातानं घडवाव्या लागल्या. सांगोल्याच्या गोठ्यात ते आपोआप घडलं म्हणणं म्हणजे थट्टाच.

हरियाणातल्या कर्नालला 2009 मध्ये जन्मलेल्या क्लोन रेडीही याच मजकुरात ओढल्या आहेत. क्लोन म्हणजे आधीच आई-बाप असलेल्या जनावराची, त्याच्या पेशीपासून केलेली नक्कल. विषय संपला.

तरी कुणी हट्टच धरला तर आधी रेडकाचं लिंग बघा. नर असेल तर त्याचं नर ठरवणारं वाय गुणसूत्र आईकडून येऊच शकत नाही, चाचणीचा खर्चही नको. मादी असेल तर रेडी आणि म्हैस दोघींच्या शेपटीच्या गोंड्याचे वीस-तीस केस मुळांसकट उपटून, कोरड्या कागदी पाकिटांत वेगवेगळे पाठवा. कापलेले केस चालत नाहीत, डीएनए मुळाशी असतो. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहिले तर नमुना खराब होतो. आईच्या डीएनएत नसलेले तुकडे रेडीच्या डीएनएत जागोजागी सापडले की बाप होता. कोणता, ते शोधायला आजूबाजूच्या टोणग्यांचेही केस लागतील.