काचेचा पेला, नग एक

प्रयोगाच्या साहित्यात ‘काचेचा पेला, नग 1’ एवढंच लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या घरी काचेचे पेले उतू चालले असावेत. आमच्या शाळेत पेले आहेत, पण ते पोषण आहाराचे, स्टीलचे, आणि स्टीलच्या पेल्याआड मेणबत्ती काय करते ते फक्त मेणबत्तीलाच कळतं. म्हणून पेला मी घरून नेते. लग्नात आहेरात आलेल्या सहाच्या सेटमधला हा शेवटचा. बाकीचे पाच हवेच्या धड्यात गेले. सासूबाई त्याला ‘तुझ्या विज्ञानाचा हप्ता’ म्हणतात.

खरं तर तिसरी-चौथीला विज्ञान नावाचा विषयच नाही. असतो तो परिसर अभ्यास. सामान्य विज्ञान सहावीत भेटतं. पण परिसरात काय येत नाही? हवा येते, दात येतात, ग्रामपंचायतही येते. त्यात आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी मोठ्या गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर. त्यामुळे मी तिसरीला सजीव-निर्जीव शिकवायला घेतलं की चौथी आपले भागाकार सोडून तिसरीचं वकीलपत्र घेते.

“बाई, ट्रॅक्टर सजीव.”

“का रे?”

“हालतो. डिझेल पितो. धूर सोडतो.”

“वाढतो का?”

“हप्ता वाढतोय की. आमचे अप्पा रोज म्हणत्यात.”

“अरे, सजीवांना पिल्लं होतात. ट्रॅक्टरला होतात का?”

क्षणभर शांतता. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज आला, “ट्रॉली कोण मग?”

ट्रॉली आईच्या मागे मागे जाते, सुटली की जागेवर बसते, हे मलाही नाकारता येईना. त्या दिवशी मी ‘उद्या बघू’ म्हणून मधली सुट्टी दहा मिनिटं आधी दिली.

मटकीचं तर बोलायलाच नको. कुंडीत बी पेरायचं आणि आठ दिवस निरीक्षण करून वहीत लिहायचं, असा उपक्रम होता. निरीक्षण या शब्दाचा अर्थ आमच्या मुलांनी ‘उकरून बघणे’ असा घेतला. रोज सकाळी परिपाठाआधी प्रत्येक जण आपली मटकी वर काढायचा, मोड किती आला ते बोटानं मोजायचा आणि पुन्हा पुरायचा. पाचव्या दिवशी एकीनं वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘मटकी दमली.’

तर हा पेला मी नेला 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी. 1928 साली याच तारखेला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला शोध जाहीर केला, दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं, असं भाषण मी चौथीतल्या आर्याला लिहून दिलं होतं. त्यात ‘प्रकाशाचे विकिरण’ असा शब्द होता. आर्यानं परिपाठात माइकशिवाय गावभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “रामन यांनी प्रकाशाचे किरण विकले.” तिसरीतल्या एकानं लगेच हात वर केला. कितीला विकले, हे त्याला हवं होतं.

मग प्रयोग. काडेपेटी खिचडीवाल्या मावशींकडून आणली. वाऱ्यानं ज्योत टिकेना म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, दार लोटलेलं. ताटलीत मेण सांडून मेणबत्ती उभी केली, भोवती पाणी ओतलं, त्यात निळीचे दोन थेंब टाकले. एकोणीस डोकी ताटलीवर. तेवढ्यात दार ढकलून आमचे केंद्रप्रमुख साहेब आत आले, अंधारात मेणबत्तीभोवती गोळा झालेली पोरं बघितली आणि टाळ्या वाजवत म्हणाले, “वा वा! वाढदिवस कुणाचा?”

“हवेचा,” यश म्हणाला.

साहेब मागे उभे राहिले. मी पेला उपडा घातला. ज्योत बारीक झाली, विझली, आणि निळं पाणी सरसर पेल्यात चढलं. मी डी.एड.पासून पाठ असलेलं वाक्य म्हटलं, “हवेत साधारण 21 टक्के ऑक्सिजन असतो. ज्योतीनं तो संपवला, त्याची जागा भरायला पाणी वर आलं.” साहेबांनी मान डोलावली. टाळ्या. इथं थांबायला हवं होतं.

“बाई,” यशच पुन्हा, “ऑक्सिजन संपला म्हणून मेणबत्ती विझली न्हवं?”

“हो.”

“मग पाणी विझल्यावर का चढलं? ती जळत होती तवा तर तितंच हुतं. आन् आदी पेल्याखालनं बुडबुडं बाहेर आलं, ते कुणाचं?”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या शाळेची वेळ झाली म्हणून ते निघाले. चौदा वर्षं मी हा प्रयोग करत होते. बुडबुडे मला कधी दिसलेच नव्हते; माझं लक्ष वाक्याकडे असायचं.

रात्री भांडी आटोपल्यावर ओट्यावर मेणबत्ती लावली आणि मोबाइलवर शोधाशोध केली. पोरगं बरोबर होतं. ज्योतीनं हवा तापते, फुगते, थोडी बुडबुडे होऊन बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. आणि विझते तेव्हा आतला ऑक्सिजन सगळा संपलेलाही नसतो. चौदा वर्षांच्या पोरांचा हिशोब मनात केला. त्यातली काही आता कॉलेजात आहेत. एक तर गावातच औषधाचं दुकान चालवतो आणि मला डोकेदुखीच्या गोळ्या देतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, “काल बाईंनी चुकीचं सांगितलं.” एवढा आनंद त्यांना दिवाळीच्या सुट्टीचाही झाला नव्हता. मग यशच्या सांगण्यावरून त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, म्हणजे आतला ऑक्सिजन तेवढाच. पाणी मात्र कालच्यापेक्षा बोटभर जास्त चढलं, कारण तीन ज्योतींनी हवा जास्त तापवली आणि जास्त बाहेर काढली. पोरांनी तो प्रयोग सलग पाच वेळा करायला लावला. खिचडी गार झाली, मावशी रागावल्या, चौथीचे भागाकार तसेच राहिले.

“बाई,” सुटताना यश म्हणाला, “दादाला पण तुम्ही आदीचंच शिकिवलं हुतं ना? त्याला सांगू का, चूक हुतं म्हणून?”

“सांग.”

“पेपरात त्येला मार्क दिलं हुतं तुम्ही. ते परत घेणार?”

घरी आले, पिशवीतून पेला काढून धुतला आणि फळीवर ठेवला. सासूबाईंनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“परत आला? म्हणजे आज प्रयोग झाला नाही वाटतं.”