सर्टिफिकेट खरं असेलही, बॅटचं काय?

गेले दोन महिने आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: खेळाडूंच्या सहीच्या वस्तू ही सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक आहे. फसायची भीती नाही, कारण सोबत होलोग्रामवालं सर्टिफिकेट मिळतं, सही करतानाचा फोटो मिळतो आणि हाताने केलेली सही भिंगाखाली लगेच ओळखू येते. धोनीच्या बॅटला एक लाख पौंड आले, मग तुम्ही मागे का?

मी क्रिकेटमधला जाणकार नव्हे. जुनी नाणी जमवतो, त्यामुळे नकली माल बघायची डोळ्यांना सवय आहे, एवढंच. पण या मेसेजपायी शेजारच्या काकांनी चाळीस हजारांची बॅट घेतली, म्हणून लिहायला बसलो.

आधी होलोग्राम. आपण नाशिककरांनी तरी शिक्का बघून हुरळून जाऊ नये. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात आपल्याच नाशिकरोडच्या सरकारी प्रेसचं नाव आलं होतं. तिथली मोडीत काढलेली यंत्रं मिळवून त्याने मुद्रांक छापले. सरकारी स्टँप पेपरची ही गत, तर ‘ही सही अस्सल आहे’ असं छापलेल्या जाड कागदाचं काय घेऊन बसलात? होलोग्रामची स्टिकरं घाऊक भावात कोणीही करून घेतं. शिवाय एका खऱ्या वस्तूचा नंबर दहा खोट्या वस्तूंवर चिकटवता येतो. वेबसाइटवर नंबर टाकून बघितला की दहाही ‘अस्सल’.

होलोग्रामला किंमत येते ती तो लावताना समोर कोण होतं यावरून. अमेरिकेत टोनी ग्विन या बेसबॉलपटूला स्वतःच्याच क्लबच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. मेजर लीग बेसबॉलने 2001 पासून जी पद्धत सुरू केली, तीत मैदानावर तपासनीस हजर असतो, बऱ्याचदा पोलिसात काम केलेला. चेंडू त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर आला तरच स्टिकर लागतं. वस्तू नजरेआड गेली की विषय संपला, मग खुद्द खेळाडूने शपथ घेतली तरी. काकांच्या सर्टिफिकेटवर सही होती विकणाऱ्याचीच. म्हणजे आपल्या मुलाला आपणच चालचलणुकीचा दाखला द्यायचा!

‘सही करतानाचा फोटो.’ फोटोत खेळाडू एका बॅटवर सही करतोय हे दिसतं. तुमच्याच बॅटवर करतोय, हे कुठे दिसतं? बॅटच्या विलो लाकडाच्या पात्यावर उभ्या रेषा असतात, ग्रेन्स म्हणतात त्यांना. दोन बॅटींच्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत. मूळ मोठा फोटो मागा, रेषा मोजा, एखादा डाग किंवा गाठ असेल तर ती दोन्हीकडे शोधा. फुटबॉलपटू मॅराडोनाचा 1986 च्या वर्ल्डकपमधला तो ‘हँड ऑफ गॉड’वाला, म्हणजे हाताने मारलेल्या गोलाचा शर्ट 2022 मध्ये लंडनला 71 लाख पौंडांना गेला, तेव्हाही घरच्यांनी हरकत घेतलीच होती की हा पहिल्या अर्ध्यातला शर्ट आहे, गोल मारले ते दुसऱ्या अर्ध्यात. लिलाव करणाऱ्यांनी बिल्ला, पट्टे, आकडे हे सगळं सामन्यातल्या फोटोंशी ताडून बघितलं होतं. काकांना मिळालेला फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, वर धूसर.

आता ती बॅट. विकताना सांगितलेलं असं: 1983 च्या विश्वविजेत्या संघाच्या चौदाही सह्या, बॅट त्याच काळातली. रविवारी दुपारी काका ती टॉवेलात गुंडाळून घेऊन आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. नाण्यांचं भिंग लावलं. छापील सही असती तर बारीक ठिपके दिसले असते. इथे मार्करची सलग रेघ होती. म्हणजे मेसेजमधला भिंगाचा भाग खरा. हाताने केलेली सही ओळखू येते, फक्त हात कोणाचा ते भिंग सांगत नाही. चौदा माणसं, आणि एकच मार्कर, एकच दाब, एकही अक्षर दुसऱ्यावर चढलेलं नाही. कोणी बॅट मांडीवर घेऊन सही करतो, कोणी उभ्याने, कोणी घाईत. इथे सगळे जणू एकाच बाकावर बसलेले.

मग पात्याच्या मागे, हँडलच्या मुळाशी, खरवडून काढलेल्या एमआरपीच्या स्टिकरचा कोपरा दिसला. त्यावर वर्ष: 2022.

काका म्हणाले, “अरे, बॅट नवी असेल, सह्या नंतर घेतल्या असतील.”

मुद्दा चुकीचा नव्हता. ती मंडळी पुढेही कार्यक्रमांना एकत्र आली, सह्या दिल्या. पण यशपाल शर्मा 13 जुलै 2021 ला गेले, आणि वरून आठवी सही त्यांची होती.

काका बराच वेळ बॅटकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चहा टाक जरा.”

सगळ्यांच्या सह्या एकट्याने करणारा असा सराईत हात ही काही नवी गोष्ट नाही. एफबीआयने नव्वदच्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ मध्ये पकडलेल्या टोळीत ग्रेग मारिनो नावाचा सह्यांचा कारागीर होता, वाट्टेल त्याची सही करायचा. त्या टोळीच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलसुद्धा सापडला.

धोनीच्या बॅटचा आकडा मात्र खरा आहे. 2011 च्या अंतिम सामन्यातली बॅट, त्याच वर्षी लंडनमध्ये, धर्मादाय कार्यक्रमात, खुद्द धोनीकडून. मधे एकही दलाल नाही आणि किमतीत दानाचा भाग आहे. त्यावरून काकांच्या बॅटचा भाव काढणं म्हणजे सराफ बाजारातला दर बघून पितळ विकणं. आमच्या नाण्यांत हेच चालतं. 1906 मध्ये आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली, बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला. कुठे, कधी, किती सापडली याची नोंद झाली, म्हणून त्यांच्यावरून इतिहास लिहिता आला. तसंच नाणं कोणी ‘आजोबांच्या पेटीतलं’ म्हणून विकायला आणलं, तर मी आधी वजनकाटा काढतो.

सहीच हवी असेल तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना असेल तेव्हा वही घेऊन जा. फुकट मिळते, आणि साक्षीदार तुम्ही स्वतः.

‘फसलात तर पैसे परत’ असंही त्या मेसेजच्या शेवटी आहे. काकांनी फोन लावला तर नंबर बंद. ऑनलाइन पैसे भरले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला 318 कलम आहे. चॅट, पावती, खोका, सगळं जपून ठेवा. काकांनीही ठेवलंय, पण पोलिसांत अजून गेलेले नाहीत. “यशपालची सही मलाच कळायला हवी होती रे,” म्हणतात, “पोरं हसतील.”