चौदा हजार दोनशे सत्त्याऐंशी

आज सकाळी ठाणे-वाशी गाडीत, ऐरोली सुटून रबाळे यायच्या आत, एका काकूंनी माझे चौदा हजार दोनशे सत्त्याऐंशी राम नखाने पुसून टाकले. हे मी ऑफिसात बसून लिहितेय. समोर जीएसटीची फाईल उघडी आहे आणि डोक्यातून काकू जात नाहीयेत.

मी 'श्रीराम जय राम जय जय राम'चा जप करते. तेरा अक्षरं. मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप म्हणजे एक पुरश्चरण, असा जुना हिशोब आहे. आमच्या नौपाड्यातल्या शंभर जणांनी मिळून तेरा कोटींचा संकल्प सोडला. प्रत्येकाच्या वाट्याला तेरा लाख. रोज तेराशे केले तर हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं. माझं चौथं वर्ष चालू आहे. मधले दिवस कुठे गेले ते विचारू नका. त्यात नणंदेच्या मुलाचं लग्न आहे, स्वयंपाकघराच्या फरश्या आहेत आणि एक डेंग्यू आहे.

एकटीने तेरा कोटी करायचे म्हटले तर याच गतीने 274 वर्षं लागतात. मी काढून बघितलंय. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली त्या दिवशी, 16 एप्रिल 1853 ला, जपाला बसले असते तरी अजून शंभरेक वर्षांचं काम बाकी असतं. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी केले असं सांगतात. दिवसाला जवळजवळ तीस हजार. सेकंदाला एक धरला तरी रोजचे सव्वाआठ तास, तेही नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. पाण्यात का, याचं कारण लोक तपश्चर्या सांगतात. मला वाटतं, एवढ्या आत येऊन "माझा निळा शर्ट कुठेय?" असं कोणी विचारत नाही, हेही असेल.

आमच्या घरी जप करणारी बाई ही रिकामी बाई समजली जाते. पोळ्या लाटताना मला कोणी हाक मारत नाही, कारण तेव्हा मी कामात दिसते. डोळे मिटून पाटावर बसले रे बसले की घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या वस्तू एकदम हरवतात. सासूबाई तर "तुझं चालू दे गं" असं म्हणून पुढे दहा मिनिटं बोलतात. शिवाय कुकर. तीन शिट्ट्यांवर लक्ष ठेवता ठेवता कितीदा शिट्टी जपात धरली गेलीय आणि जप शिट्टीत. वरण कच्चं राहिलंय ते नामस्मरणामुळे, हे नवऱ्याला आजवर सांगितलेलं नाही.

म्हणून गाडी. दहा नंबरवरून सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली तर वाशीपर्यंत अर्धा तास माझा. येताना अर्धा तास. तेराशे आरामात होतात.

सुरुवातीला तुळशीची माळ न्यायचे, गोमुखीत घालून. मण्याला तर्जनी लावायची नाही, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, हे सगळं पिशवीच्या आत, आंधळ्या बोटांनी. माळेत मणी एकशे आठ, पण धरायचे शंभर. वरचे आठ चुकांसाठी सोडलेले. (ज्याने हे प्रमाण ठरवलं त्याने लेडीज डबा पाहिलेला नसणार.) गोमुखीत कोपरापर्यंत गेलेला हात बघून बायकांना वाटायचं प्लॅस्टर आहे. उठून जागा द्यायच्या. पहिल्या दिवशी मी "अहो, नको" म्हटलं. पुढचे चार दिवस तेही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी एकीने "कुठे पडलात?" असं इतक्या मायेने विचारलं की त्या संध्याकाळी जांभळी नाक्यावर जाऊन बोटात घालायचं काउंटर घेतलं.

काउंटर म्हणजे अंगठीसारखं प्लॅस्टिकचं यंत्र. वर मोठं बटण, दाबलं की आकडा एकाने वाढतो. बाजूला एक बारीक बटण, दाबलं की सगळं शून्य. ते मुद्दाम बारीक केलेलं असतं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा.

काकू ठाण्यालाच शेजारी बसल्या. मांडीवर मोठी कापडी पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर. कोपरखैरण्याला लेकीकडे निघालेल्या. हे मी विचारलं नव्हतं. दिघा गाव यायच्या आत मला कळलं होतं की जावयाचा फ्लॅट कार्पेट सहाशे चाळीस आहे, सोसायटीचा मेंटेनन्स चार हजार दोनशे आहे, काकूंची उपाशीपोटीची साखर एकशे बेचाळीस आहे, डाव्या गुडघ्याचा खर्च तीन लाख दहा हजार झाला आणि उजव्याचं डॉक्टर बघू म्हणालेत. मी मान डोलवत होते आणि अंगठा चालू ठेवला होता. ऐरोलीला त्यांची नजर माझ्या बोटाकडे गेली.

"किती आहे?"

"काय किती?"

"ऑक्सिजन."

"नाही हो काकू, हे ऑक्सिजनचं नाही. जपाचं आहे."

"पण आकडा दिसतोय की."

"जप किती झाला, त्याचा."

"अगं बाई! चौदा हजार?" काकूंनी हे अशा आवाजात म्हटलं की समोरच्या बाकावर मेथी निवडणारीने मान वर केली. "आज?"

"आज नाही. एक तारखेपासून."

"हां." काकूंची थोडी निराशा झाली. "बघू."

आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. दुधी घेताना कोवळा आहे की जून ते नख लावून बघतात ना? डोळे किलकिले करून, माझ्याशी बोलत बोलत, अगदी त्याच सवयीने काकूंनी त्या बारीक बटणाला नख लावलं.

00000.

"गेलं की हो," काकू म्हणाल्या. "सेल संपला असेल."

मी काही बोलले नाही. बोलता आलंच नाही. तोंडात अर्धा मंत्र होता, तो गिळला.

"परत येत नाही का?"

"नाही."

"मग कुठे लिहून नाही ठेवलंत?"

हा प्रश्न वर्मी लागला. जपाची वही आहे. रोज रात्री आकडा उतरवायचा असा नियम आहे. तो नियम मी एक तारखेला पाळते आणि मग तीस तारखेला. महिनाअखेर ग्रुपवर आकडा पाठवायचा असतो. ज्या ताई सगळ्यांची बेरीज करतात त्या बँकेतून निवृत्त झाल्यात. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. मी एकदा त्यांना विचारलं होतं की मनुस्मृतीत मानस जपाचं फळ विधियज्ञाच्या हजारपट सांगितलंय, तर मनातल्या मनात केलेला एक जप रकान्यात एक लिहायचा की हजार? दोन दिवस ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं.

असो. डब्यात एव्हाना सभा भरली होती.

मेथीवाली म्हणाली, "देवाकडे असतो हो सगळा हिशोब."

कानात इअरफोन असलेली मुलगी एक कान मोकळा करून म्हणाली, "आंटी, अ‍ॅप घ्या ना. बॅकअप राहतो." अ‍ॅपपेक्षा मला 'आंटी' जास्त लागलं.

दारातून एक आवाज आला, "गीतेत सांगितलंय, फळाची आशा धरू नये." याच गीतेच्या दहाव्या अध्यायात यज्ञांमध्ये जपयज्ञ मी, असंही भगवंत म्हणतात. पण मधे दहा बायका होत्या आणि माझा आवाज बसला होता.

आणि मग काकूंनी, ज्यांना सहाशे चाळीस चौरस फुटांतला एक फूट इकडचा तिकडे चालला नसता त्या काकूंनी, माझ्या दंडावर थोपटत म्हटलं, "जाऊ दे गं. भक्तीत कसले आलेत आकडे!"

इथे मला खरा राग आला. अजून आहे. आकडा सोडा म्हणणारे बहुतेक असे असतात की ज्यांनी एक माळ सलग ओढलेली नाही. दिवसाला तेराशे करणाऱ्या बाईला नाम मोजता येत नाही हे कळत नसेल का? आकडा देवासाठी नाहीच. सातशे चाळीसला 'आज पुरे' असं वाटतं तेव्हा उठू न देण्यासाठी तो आहे. आणि खरं सांगू का, आयुष्यात मी किती डबे भरले, किती चादरी धुतल्या, सासूबाईंना किती वेळा दवाखान्यात नेलं, याचा आकडा कोणाकडे नाही. कोणी मागितलाही नाही. हा एकच आकडा माझा होता. तो असा दुधी तपासताना जावा?

एवढं सगळं मी मनात बोलले. तोंडाने म्हटलं, "असू दे काकू."

बहुधा चेहऱ्यावर दिसलं असावं. कारण घणसोली सुटताना काकू एकदम सावरून बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मी भरून देते."

"काय?"

"जप. माझ्याकडून गेला ना? मी करते, तुम्ही तुमच्यात धरा. अकरा तरी करते, उतरेपर्यंत." शेजारणीची वाटीभर साखर परत करावी अशा सुरात त्यांनी हे सांगितलं आणि डोळे मिटून मोठ्यांदा सुरूही केलं.

"श्रीराम जय राम जय जय राम. एक. श्रीराम जय राम जय जय राम. दोन. ही गाडी मधेच का थांबली? श्रीराम जय राम. तीन. अगं, शेंगा काढ तिच्या पायाखालून. श्रीराम जय राम जय जय राम. चार." इथे त्यांचा फोन वाजला. लेकीचा. "आलेच गं, घणसोली गेलं. कुकर लाव. जप करतेय, नंतर बोलते. श्रीराम जय राम जय जय राम. सहा."

पाच झालाच नव्हता. मी गप्प बसले.

"श्रीराम जय राम जय जय राम. सात. तुमचे मिस्टर काय करतात? श्रीराम जय राम जय जय राम. आठ."

मेथीवाली हसू दाबत होती. इअरफोनवालीने दुसराही कान मोकळा केला होता. गाडीचा वेग कमी झाला, कोपरखैरणे आलं, काकू उठल्या, पिशवी छातीशी धरली आणि गर्दीत घुसल्या. "श्रीराम जय राम जय जय राम, नऊ. सरका जरा. श्रीराम जय राम जय जय राम, दहा. अहो, उतरू द्या ना! श्रीराम जय राम जय जय राम!" शेवटचा फलाटावर पाय ठेवता ठेवता झाला. मग त्या वळून खिडकीपाशी आल्या. घामाघूम झाल्या होत्या. गुडघ्यावर हात होता, डाव्या, तीन लाख दहा हजारांच्या.

"अकरा झाले!" जाळीतून बोट आत घालून त्या म्हणाल्या. "दाबा. माझ्यासमोर दाबा."

मी दाबलं. एकेक करून. त्या बघत होत्या, ओठ हलवत मोजत होत्या. गाडी हलली तेव्हा आकडा 00011 होता.

तुर्भ्यापर्यंत मी नुसती बसून होते. नऊच झाले होते. तिसरा अर्धा होता आणि पाचवा झालाच नव्हता.