चौक सुंदर दिसतो, कारण कुणीतरी आपला हक्क सोडलेला असतो

1297 साली इटलीतल्या सिएना शहराने एक नियम केला. शहराच्या मुख्य चौकाकडे, म्हणजे पियात्सा देल काम्पोकडे, तोंड करून घर बांधायचं असेल तर खिडक्यांना मधे बारीक खांब हवेत आणि चौकाच्या बाजूला सज्जा काढायचा नाही. घर तुमचं, जमीन तुमची, पैसाही तुमचा. पण ती भिंत रोज सगळ्या गावाला दिसणार, तर तिच्याबाबतीत गावाचं ऐकायचं. सव्वासातशे वर्षांनंतरही काम्पोत उभं राहिलेल्या माणसाला सगळ्या इमारती एकाच सुरात असल्यासारख्या वाटतात, त्यामागे हा नियम आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण जुन्या चौकांबद्दल आणि गल्ल्यांबद्दल आपण फार भाबडेपणाने बोलतो. ‘हे सगळं कसं आपोआप घडत गेलं ना!’ असं कौतुकाने म्हणतो. आपोआप काही घडलेलं नसतं. आपोआप होतं ते अतिक्रमण. पायरी पुढे येते, पायरीवर छप्पर येतं, छपराखाली भिंत येते आणि दहा वर्षांत रस्ता अर्धा होतो. जिथे शतकानुशतकं जागा मोकळी राहिली, तिथे ती कुणीतरी राखली आहे. भांडून, दंड करून, कधी समजावून राखली आहे.

त्याच सिएनात त्या काळी नऊ जणांचं मंडळ कारभार पाहायचं. त्यांनी काम्पोत विटांची फरसबंदी सुरू केली, ती 1349 साली पूर्ण झाली. पांढऱ्या दगडाच्या रेषांनी त्या फरशीचे नऊ भाग पाडले आहेत. सगळा चौक शिंपल्यासारखा खोलगट आहे आणि नगरभवनाच्या दिशेने उतरत जातो. पावसाचं पाणी आपोआप खालच्या तोंडाकडे वाहतं आणि एरवी त्याच उतारावर माणसं निवांत बसतात, आडवी होतात. बाक नाही, तिकीट नाही, काही विकत घ्यायची सक्ती नाही. फुकट बसता येणं ही शहरातली फार मोठी गोष्ट आहे, आणि नव्याने बांधलेल्या चकचकीत ‘प्लाझां’मध्ये नेमकी तीच सापडत नाही.

इटलीतल्याच बोलोन्या शहराची गोष्ट मला याहूनही आवडते. तिथे वस्ती वाढली तशी लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली आधाराला खांब दिले. दुसऱ्या शहराने हे पाडलं असतं किंवा डोळ्यांआड केलं असतं. बोलोन्याने 1288 साली उलटाच कायदा केला: नवीन घर बांधताना रस्त्याच्या बाजूला अशी खांबांची ओसरी ठेवलीच पाहिजे, आणि तिची उंची किमान सात बोलोनी फूट, म्हणजे साधारण 2.66 मीटर हवी. घोड्यावर बसलेला माणूस खालून जाऊ शकेल इतकी. ओसरीची जागा घरमालकाची, देखभालही त्याचीच, पण वाट सगळ्यांची. आज शहरभरच्या या ओसऱ्यांची लांबी एकत्र मोजली तर सुमारे 62 किलोमीटर भरते. 2021 साली युनेस्कोने त्या जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. मला विचाराल तर, वर माडी वाढवायची मुभा देऊन त्या बदल्यात खाली ऊनपावसातला आसरा मागून घेणं, इतका शहाणा सौदा नगररचनेच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

रोमचा एक नकाशा आहे, 1748 सालचा, जाम्बात्तिस्ता नोल्लीने काढलेला. त्यात बांधकामं गडद आहेत आणि रस्ते, चौक पांढरे. पण चर्चचे आतले भागही त्याने पांढरेच ठेवले आहेत, कारण तिथे कुणालाही जाता यायचं. शहराकडे पाहायची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही. आपल्या शहराचा असा नकाशा काढला तर पांढरं किती उरेल?

आता या जागा डोळ्यांना का सुखावतात ते बघा. माणसाचा चेहरा आपल्याला साधारण वीस-पंचवीस मीटरपर्यंत नीट ओळखू येतो. शंभर मीटरवर कुणीतरी चालतंय एवढंच कळतं. जुने चौक आणि गल्ल्या बहुतेक या मापाच्या आतबाहेर खेळतात. पलीकडून येणारा ओळखीचा आहे की अनोळखी, हे तिथे कळतं. कामिलो सिट्टे या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकाराने अनेक जुने चौक बारकाईने अभ्यासले आणि 1889 साली आपली निरीक्षणं मांडली. चौकाचा मध्य मोकळा ठेवलेला असतो, पुतळे आणि कारंजी वर्दळीच्या वाटेतून बाजूला, कडेला असतात. रस्ते कोपऱ्यांतून असे तिरके शिरतात की आत उभ्या माणसाला सगळीकडून भिंतींचा आडोसा जाणवतो. आपण आज काय करतो? चौक म्हटला की बरोबर मधोमध पुतळा, भोवती कठडा आणि कठड्याभोवती गाड्यांची प्रदक्षिणा. त्याला चौक म्हणवत नाही, ते वाहतुकीचं बेट आहे.

गल्लीला वळण असतं म्हणून पुढे काय आहे याची उत्सुकता राहते, हे खरंच. पण त्यापलीकडे साधे उपयोगही आहेत. अरुंद गल्लीत भिंतींची सावली समोरासमोर पडते आणि उष्ण प्रदेशात दुपारी चालणं शक्य होतं. थंड मुलखात तेच वळण वारा अडवतं.

अर्थात मोठा चौक म्हणजे वाईटच असं नाही. इराणमधल्या इस्फहानचा नक्श-ए-जहान चौक जवळपास 560 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद आहे. शाह अब्बासच्या काळात तिथे पोलो खेळायचे, गोल मारायचे दगडी खांब अजून उभे आहेत. एवढं मैदान असूनही ते अंगावर येत नाही, कारण चारही बाजूंनी दुमजली कमानींची एकसारखी रांग फिरवलेली आहे. कडा नीट सांभाळल्या की मधली पोकळी माणसाला भिववत नाही.

‘जुनं’ या शब्दापाशी मात्र थोडं थांबायला हवं. पोलंडची राजधानी वॉर्सॉचं जुनं शहर, जर्मन ताब्याविरुद्ध 1944 साली झालेल्या उठावानंतर, जर्मन सैन्याने पद्धतशीरपणे जमीनदोस्त केलं. 85 टक्क्यांहून जास्त भाग नष्ट झाला. युद्धानंतर पोलिश लोकांनी ते पुन्हा उभारलं. त्यासाठी आधार घेतला वास्तुरचनाकारांनी आणि विद्यार्थ्यांनी जपून ठेवलेल्या मोजमापांच्या रेखाटनांचा, आणि बर्नार्दो बेल्लोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेल्या शहराच्या चित्रांचा. 1980 साली युनेस्कोनेही त्याला वारसा मानलं. काही जण याला नक्कल म्हणतात. मला तसं मुळीच वाटत नाही. मागच्या बाजूची सगळी दाटी त्यांनी पुन्हा बांधली नाही, उजेड-वारा येईल अशी अंगणं ठेवली आणि ती घरं लोकांना राहायला दिली. वीट नवी की जुनी हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो.

आणि मोरोक्कोतल्या मराकेश शहराचा जामा अल-फना चौक घ्या. त्याच्या कडेच्या इमारतींत कौतुक करावं असं फारसं काही नाही. पण तिथे कथाकार, वादक, कसरतपटू, औषधी विकणारे जमतात आणि लोक त्यांच्याभोवती कडं करून उभे राहतात. या चौकाजवळ उंच इमारत आणि भूमिगत वाहनतळ बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा तिथेच राहणारा स्पॅनिश लेखक हुआन गॉयतिसोलो विरोधात उभा राहिला. त्या लढ्यातून अमूर्त वारसा, म्हणजे इमारतींचा नव्हे तर कला-परंपरांचा वारसा, ही कल्पना पुढे सरकली आणि 2001 साली युनेस्कोने या चौकाचा तसा गौरव केला. तिथे वारसा ठरली माणसांची तिथे रोज जमण्याची सवय.

गाड्यांबद्दल फार लिहीत नाही. डेन्मार्कच्या कोपनहेगनने 1962 च्या नोव्हेंबरात आपला मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयेट, प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, तेव्हा धंदा बसेल म्हणून दुकानदार धास्तावले होते. 1964 साली तो निर्णय कायमचा झाला आणि आज जगभरातले नगररचनाकार तो रस्ता बघायला जातात. आपल्याकडे अशा प्रत्येक प्रस्तावावर तीच भीती, त्याच शब्दांत मांडली जाते.

माझा खरा राग दुसरीकडे आहे. गाड्या बंद होतात, भिंती रंगतात, जुन्या वळणाचे दिवे लागतात, परिसर देखणा होतो, आणि मग तिथली माणसं जातात. घरांची पर्यटकांसाठी भाड्याची बिऱ्हाडं होतात. किराण्याच्या दुकानाच्या जागी भेटवस्तूंचं दुकान येतं. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 साली सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. 2022 साली तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सज्जे आवरले, ओसऱ्या सोडल्या, नियम पाळले, त्यांच्याच नातवंडांना तिथलं भाडं परवडेनासं झालं. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो, आणि त्याला ‘विकास’ किंवा ‘संवर्धन’ म्हणायला माझा विरोध आहे.

हे टाळता येत नाही, असंही कुणी सांगू नये. पुन्हा बोलोन्याकडेच बघा. 1973 साली तिथल्या नगरपालिकेने, पिएर लुईजी चेर्वेल्लाती या वास्तुरचनाकाराच्या पुढाकाराने, जुन्या वस्तीतली मोडकळीला आलेली घरं सार्वजनिक पैशातून दुरुस्त करायची योजना आणली. भिंतींबरोबर भाडेकरूही जपायचे, दुरुस्तीपुरतं त्यांना जवळच हलवायचं आणि परत आणायचं, हा तिचा गाभा होता. घरं सक्तीने ताब्यात घ्यायला मालकांचा विरोध झाला, तेव्हा पालिकेने दुरुस्तीला मदत आणि बदल्यात भाड्यावर मर्यादा असे करार केले. ठरवलं होतं तेवढं सगळं झालं नाही. पण 1288 चा जो सौदा होता, तोच सातशे वर्षांनी पुन्हा मांडला गेला.

म्हणून, तुमच्या शहरातल्या जुन्या भागाचा आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला, तर त्यातली रंगीत चित्रं बघून खूश होऊ नका. आत्ता तिथे किती कुटुंबं राहतात, त्यातली किती भाड्याने राहतात आणि काम संपल्यावर त्यांची सोय काय, हे लिहिलेलं पान शोधा. ते पान नसेल तर मुदत संपायच्या आत लेखी हरकत नोंदवा.