सेलूच्या वाचकांना उत्तर: नायटा चार दिवसांत जात नाही

बुरशीवरच्या औषधांबद्दलच्या माझ्या लेखाखाली सेलूच्या एका वाचकांनी लिहिलंय: "दुकानदाराने दुकान सांभाळावं, डॉक्टरकी शिकवू नये. साध्या ट्यूबने माझा नायटा चार दिवसांत बसला. महिनाभराच्या गोळ्या कुणाच्या फायद्याच्या, ते कळतं. फ्लुकोनाझोल बुरशी मारतं हेही चूक. लेख उगाच लांबलाय."

फ्लुकोनाझोलचं तुमचं बरोबर आहे. ते कँडिडा या बुरशीची वाढ रोखतं, तिला मारत नाही. दुरुस्ती केली, आभार. लेख लांबला असेल, असू द्या.

पण 'दुकानदार' हा शब्द तुम्ही ज्या सुरात वापरलात, तो मला लागला. डी. फार्मसी करून बावीस वर्षं परभणीत काउंटरमागे उभा आहे. रात्री अकराला लेकराच्या तापाचं औषध मागायला शटर वाजवणारे मला भाऊ म्हणतात. समोर बसून तुम्ही असं बोलला असता का?

आता ते 'चार दिवसांत बसला'. ट्यूबचं खोकं बघा. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. नायट्याची लाली आणि खाज बरीचशी आपलं शरीर बुरशीशी झुंजतं म्हणून येते. स्टेरॉइड ती झुंजच दाबून टाकतं. तुम्हाला वाटतं बरं झालं, आणि बुरशी आत मोकळी पसरते. चकंदळाची कड पुसट होते, मग डॉक्टरलाही ते पटकन ओळखू येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दुकान नवीन होतं तेव्हा आमच्या अण्णांना जांघेत नायटा झाला आणि मीच अशी ट्यूब दिली. चार दिवसांत खाज थांबली. अण्णा पारावर पोराचं कौतुक सांगत बसले. महिन्याभरात नायटा बेंबीपर्यंत चढला. "कामून वाढलं रे?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बंद करून दोन महिने इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध दिलं. नायटा गेला, पण मांडीची कातडी पातळ होऊन पडलेले पट्टे अण्णांच्या अंगावर शेवटपर्यंत राहिले. मला दुकानदारी शिकवताना एवढं लक्षात ठेवा.

बुरशीवरचं खरं औषध बुरशीलाच धरतं. तिच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा चरबीसारखा घटक असतो, आपल्या पेशीत त्याजागी कोलेस्टेरॉल. या फरकावर बहुतेक औषधं उभी आहेत. क्लोट्रिमाझोल, इट्राकोनाझोल एर्गोस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवतात, टर्बिनाफिन त्याच्याही आधीची. अँफोटेरिसिन बी तयार एर्गोस्टेरॉलला चिकटून आवरणाला भोकं पाडतं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक हेच इंजेक्शन शोधत वणवण फिरत होते. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची, म्हणून तिला मारून आपल्याला न दुखवणारी औषधं मोजकीच सापडली आहेत. त्यातल्या टर्बिनाफिनला आता नायट्याची एक जात अनेकदा दाद देत नाही. तिचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे. आणि तुम्ही म्हणता चार दिवस!

फायद्याचं म्हणाल, तर फायदा ट्यूब विकण्यातच आहे, कारण गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि मी विकत नाही. यावर आणखी बोलणार नाही.

खोक्यावरचं नाव इथं लिहा, जरा नीट भाषेत. स्टेरॉइड निघालं तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. आणि टॉवेल आजपासून वेगळा ठेवा, घरात लेकरं असतील.